दिवसभर ‘नको, हात लावू नको’ म्हणून थकलेल्या आईला

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा 21 महिन्यांचा, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, तुम्ही घरूनच अर्धवेळ काम करता आणि तेवढा वेळ सासूबाई त्याला बघतात. तो डाळीचे डबे उपडे करतो, मोरीतल्या बादलीत हात घालतो, रिमोट गॅलरीतून खाली टाकतो, खुर्ची ओढत नेऊन ओट्यावर चढायला बघतो. बाहेर नेलं की हात सोडवून पळतो आणि मंडईत उचलून घेतलं की अंग ताठ करून लोळण घेतो. सासूबाई म्हणतात, धाक हवा. मिस्टर म्हणतात, वयच आहे, सोडून दे, आणि जेवताना हातात मोबाइल देतात. परवा तुम्ही त्याच्या हातावर चापट मारलीत आणि मग रात्री तुम्हालाच झोप लागली नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, शिस्त कधीपासून आणि कशी लावायची?

मी डोंबिवलीत गेली 23 वर्षं पाळणाघर चालवते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मागे थोडी मोकळी जागा. एका वेळी दहा-बारा मुलं, दीड ते चार वर्षांची. मी डॉक्टर नाही. बालवाडीचा कोर्स केला, बाकीचं मुलांसोबत जमिनीवर बसून शिकले. माझं सगळं तुमच्या घरी जसंच्या तसं बसेल असं नाही. माझ्याकडे मदतीला दोघीजणी असतात, तुमच्याकडे सासूबाई एकट्या. त्यांचे गुडघे साथ देतात का, तुमच्या कामात मधे उठता येतं का, घर स्वतःचं की भाड्याचं (भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायचीही चोरी असते), यावर बरंच अवलंबून आहे. मुलाच्या स्वभावावरही आहे. काही मुलं लांबून बघून समाधान मानतात, काहींना हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. तुमचा दुसऱ्या जातीचा दिसतोय.

एक शंका आधीच दूर करून घ्या. मूल दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नावाने हाक मारली तर वळून बघत नसेल, किंवा दोन वर्षं पूर्ण होऊनही ‘मम्मं दे’, ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुम्ही लिहिलंय की तो पंख्याकडे बोट करतो आणि ‘आजी, चल’ म्हणतो. म्हणजे त्या बाजूची काळजी मला तरी वाटत नाही.

आता तुमचा प्रश्न. शिस्त लागत नाही असं तुम्हाला वाटतंय, पण मला वेगळंच दिसतंय. तुमच्या घरात ‘नको’ फार झालेत, आणि फार झाल्यामुळे सगळ्यांची किंमत सारखीच झालीय. उशीला हात लावला तरी ‘नको’, कुकरला हात लावला तरी त्याच आवाजात ‘नको’. त्याने यातून काय समजायचं? मोठी माणसं दिवसभर असा एक आवाज काढत असतात, एवढंच. मग तो ऐकू येणंच बंद होतं, जसा आपल्याला फ्रिजचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून मी सगळ्या आयांना उलटीकडून सुरुवात करायला सांगते. आधी ‘नको’ कमी करा, इतके कमी की उरलेले दोन-तीन तुम्ही शेवटपर्यंत धरून ठेवू शकाल.

ते कमी कसे करायचे, हे कळायला मूल नेमकं काय करतंय ते बघावं लागतं. माझ्याकडे 19 महिन्यांची एक मुलगी होती. पहिल्याच आठवड्यात तिने पाण्याचा पिंप शोधून काढला. तिला मागच्या जागेत एका परातीपाशी बसवलं आणि अर्धा तांब्या पाणी आणि एक फुलपात्र दिलं. तिने तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि एकदम उलटा केला. सगळं पाणी बाहेर. तिने आधी रिकाम्या तांब्यात डोकावून पाहिलं, मग ओल्या फरशीवर तळवा आपटला, मग स्वतःचा पाय उचलून ओला तळपाय निरखला. मी पुन्हा अर्धा तांब्या भरून दिला. सहाव्या-सातव्या खेपेला तिने तांब्या हळूच कलता केला, फुलपात्राच्या काठाला टेकवला आणि धार आत पडायला लागल्यावर श्वास रोखून बघत राहिली. फुलपात्र भरून वाहायला लागलं तेव्हा तिने तांब्या सरळ केला. कोणी न सांगता. तिथे मी पहिल्या सांडलेल्या पाण्याला ‘अगं अगं’ करून तांब्या काढून घेतला असता, तर तिच्या लेखी गोष्ट अर्धीच राहिली असती, आणि ती पूर्ण करायला ती पुन्हा पिंपाकडेच गेली असती.

तुमचा मुलगा डाळीचा डबा उपडा करतो तेव्हा तोही असंच काहीतरी तपासत असतो. या वयाच्या मुलांची पाच-सहा कामं ठरलेली असतात. ओतणं, आत घालणं आणि बाहेर काढणं, उघडणं-मिटणं, फेकून बघणं, चढणं, आणि जड वस्तू ओढत नेणं. तुमच्या घरातल्या तक्रारींची यादी या कामांशी ताडून बघा, एकही तक्रार बाहेर राहत नाही. काम त्याला करायचंच आहे. वस्तू कुठली आणि जागा कुठली, एवढं आपल्या हातात असतं.

म्हणून डाळीचा डबा वर गेला पाहिजे आणि खालच्या एका कप्प्यात त्याचं सामान आलं पाहिजे. झाकणाचे दोन-तीन स्टीलचे डबे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, लाकडी उलथनं, एखादी चाळणी. ओट्याखालचा एकच कप्पा, तोही गॅसपासून लांबचा. आत घालणं-बाहेर काढणं यासाठी आमच्याकडे सगळ्यात चालतात ते कांदे-बटाटे. टोपलीतून काढायचे, परातीत ठेवायचे, परत टोपलीत. बटाटा जड असतो, गडगडतो, हातात भरतो. राजमा, हरभरे, चिंचोके मात्र या वयात अजिबात नाहीत. ते नाकात-कानात जातात आणि नाकात गेलेला हरभरा ओलाव्याने फुगून बसतो.

फेकण्यासाठी मोज्यांचे गोळे आणि एक रिकामी बादली, किंवा मशीनमध्ये टाकायचे मळलेले कपडे. रिमोट खाली का टाकतो, तर गॅलरीतून टाकलेली वस्तू आवाज करते आणि कोणीतरी ती वर आणून देतं. एवढी मजा दुसऱ्या कशात आहे? ती मजा त्याला घरातल्या घरात, पलंगावरून जमिनीवर टाकून घेऊ द्या. गॅलरीतून टाकलं तर त्या दिवसापुरती गॅलरी बंद. खाली माणसं चालत असतात, तिथे तडजोड नाही.

आणि हे सगळं करायला अंग हलवायला जागा हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक ते दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल सांगितलीय. तीन तास! वन बीएचकेमध्ये दिवसभर घरातच राहिलेल्या मुलाचे तीन तास कुठून भरणार? ते पलंगावर, सोफ्यावर आणि तुमच्या ओट्यावरच भरतात. माझ्याकडे पावसाळ्यात सलग चार दिवस मुलं आतच राहिली की पाचव्या दिवशी चावणं आणि ढकलणं वाढलेलं असतं. दर वर्षी.

आता त्या पक्क्या ‘नको’कडे येते. त्याच्याही आधी एक रविवार घर लावायला द्या. मिस्टरांना सोबत घ्या, कारण हे काम एकटीचं नाही. दोघं गुडघ्यांवर बसा आणि त्याच्या उंचीवरून घर बघा. उभं राहून जे दिसत नाही ते सगळं दिसतं, टेबलाखाली लोंबणारी चार्जरची वायर, पलंगाखाली गेलेली गोळी, मिक्सरची दोरी.

सगळ्यात आधी मोरी. पाण्याने भरलेली बादली घरात उघडी राहता कामा नये. लहान मूल डोक्याकडून जड असतं. बादलीत वाकलं की तोल जाऊन आत पडतं आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. वीतभर पाणीही जीव घ्यायला पुरतं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. मोरीच्या दाराला बाहेरून वर कडी लावा. आंघोळीचं पाणी काढताना आधी गार, मग गरम, म्हणजे नुसतं कढत पाणी बादलीत कधी राहतच नाही.

मग खिडकी आणि गॅलरी. ग्रिल असेल तर उत्तम, पण ग्रिलखाली सोफा, स्टूल, कुंडी काही नको, कारण खुर्ची ओढणाऱ्या मुलाला तेवढी पायरी पुरते. फिनेल, टॉयलेटचं अॅसिड, डासांच्या मशीनची बाटली, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, आजीच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हे सगळं वर आणि बंद. फिनेल कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. असलं काही प्यायला गेलं तर उलटी काढायला जाऊ नका, बाटली बरोबर घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते.

रिमोटमधले, खेळण्यांमधले, वजनकाट्यातले ते चपटे बटण-सेल मला सगळ्यात जास्त धास्ती देतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजून निघतं. नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, ‘शीतून पडेल’ म्हणायचं नाही. ज्या वस्तूच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ती मी पाळणाघरात येऊच देत नाही.

खाण्यात शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम अख्खे नकोत, कूट करून द्या. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा. आणि खाताना बसलेलाच असला पाहिजे. पळता पळता घास भरवायची आपल्याकडे सवयच आहे, तीच अंगाशी येते. घास अडकून मूल खोकतंय, रडतंय, तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात पाच थापा, त्याने न निघालं तर मागून पोटाला वरच्या दिशेने पाच दाब. तोंडात बोट घालून चाचपडायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून येत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात एकदा बाहुलीवर करून बघा आणि सासूबाईंनाही बरोबर न्या.

चहाबद्दल मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पाळणाघराच्या तिसऱ्या वर्षी दुपारी मी स्टुलावर चहाचा कप ठेवून एका मुलाची लंगोट बदलत होते. दीड वर्षाचा दुसरा मुलगा आला, स्टुलावरचं कापड ओढलं आणि कप त्याच्या हातावर उपडा झाला. नळाखाली हात धरला, वीस मिनिटं, तो किंचाळत होता तरी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, नुसतं साधं वाहतं पाणी, आणि मग डॉक्टर. मनगटाजवळ रुपयाएवढा डाग राहिला. आता तो मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि भेटला की अजूनही माझी नजर आधी त्याच्या मनगटावर जाते. त्या दिवसापासून मुलं जागी असताना त्या खोल्यांमध्ये गरम कप येत नाही. पाहुणे आले तरी नाही. तुमच्याकडे सासूबाई चहा घेताना नातवाला मांडीवर घेत असतील तर एवढं एक मात्र आजच बंद करा.

घर असं लावलंत की ‘नको’ म्हणायची वेळ किती कमी येते ते चार दिवसांत दिसेल. मग जे उरतात ते पक्के. आमच्याकडे तीनच आहेत. गरम वस्तू, रस्ता किंवा खिडकी, आणि दुसऱ्याला लागेल असं मारणं-चावणं. या तिन्ही वेळी मी बसल्या जागेवरून ओरडत नाही. उठते, जवळ जाते, खाली बसते, हात धरते आणि दोन शब्द बोलते. ‘गरम आहे.’ मग त्याला तिथून उचलून दुसरीकडे नेते. रडला तर रडू देते, जवळ बसते. पाच मिनिटांनी तो परत तिथेच गेला तरी परत उठते. पहिले आठ-दहा दिवस हे उठणं जीव काढतं, हे मी मान्य करते. पण बसून दिलेल्या वीस हाकांपेक्षा उठून केलेली एक कृती त्याच्या लक्षात राहते, कारण या वयात त्याला आपले शब्द अर्धेच कळतात, आपलं उठणं मात्र पूर्ण कळतं.

मराठी बोलण्यातली एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. आपल्याकडे नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘पाण्यात हात घालू नको.’ ‘नको’ येईपर्यंत त्याने पाणी ऐकलं, हात ऐकला, घालू ऐकलं, आणि हात घातलासुद्धा. म्हणून आमच्या ताईंना मी सांगते, जे करायचं तेच बोला. ‘चढू नको’च्या ऐवजी ‘पाय खाली’. ‘पळू नको’च्या ऐवजी ‘हळू चाल’. ‘फेकू नको’च्या ऐवजी ‘मला दे’. ‘मला दे’ म्हणताना हात पुढे करायचा आणि त्याने दिलं की घ्यायचं, ‘दिलंस, शाब्बास’ म्हणायचं. तुम्ही एक दिवस नुसतं एवढंच करून बघा.

आणि त्या चापटीबद्दल. तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात तेच आहे. एका चापटीने मूल मोडत नाही. त्याला जवळ घेऊन ‘आईने मारलं, चुकलं’ असं सांगा, त्याला सूर कळतो. पण पद्धत म्हणून चापट माझ्याकडे कधीच नव्हती, आणि नुसती दया म्हणून नव्हे. चापट खाल्लेलं मूल कुकर गरम असतो हे शिकत नाही, आई बघत असताना कुकरकडे जायचं नाही हे शिकतं. मग तुम्ही मोरीत असताना ते जातं. शिवाय दीड-दोन वर्षांची मुलं जे घेतात तेच देतात. घरी हातावर चापट मिळू लागली की चार-आठ दिवसांत ते मूल माझ्याकडे दुसऱ्याच्या हातावर चापट मारताना मी पाहिलंय, तोच आवाज, तसेच डोळे मोठे करून.

आता बाहेरचं. माझा अनुभव असा की बाहेरचे बहुतेक तमाशे एकाच कारणाने होतात. आपण काम घेऊन निघतो आणि तो बघायला निघतो. दोन्ही एकाच फेरीत बसत नाही. म्हणून फेऱ्याच वेगळ्या करा. रोज एक फेरी त्याची. सकाळी ऊन चढायच्या आत अर्धा-पाऊण तास, कुठेही पोचायचं नाही. गेटपासून कोपऱ्यापर्यंत शंभर पावलं असतील, त्याला अर्धा तास लागू दे. तो गटाराच्या जाळीपाशी थांबेल, मुंग्यांच्या रांगेपाशी बसेल, रसवंतीच्या चरकाची घुंगरं ऐकत उभा राहील. तुम्ही घाई करायची नाही, आणि सारखं शिकवायचंही नाही. ‘हा कोणता रंग? सांग ना’ करू नका. तो ज्याकडे बघतो त्याचं नाव घ्या, बस. ‘मुंगी. मुंगी चालली.’ शब्द असेच येतात. खिशात एक पिशवी ठेवा, तो पानं, काड्या, दगड देईल. मोठा दगड ठेवा, खडा काढून टाका.

दुसरी फेरी कामाची. जमत असेल तर ती त्याला घरी सासूबाईंकडे ठेवून करा. न्यावंच लागलं तर संध्याकाळी सातच्या मंडईत नको. त्या गर्दीत त्याला फक्त पायच दिसतात, पोटात भूक, झोपेची वेळ जवळ. सकाळी दहाला जा, खाऊ घालून, आणि त्याला काम द्या. कोथिंबिरीची जुडी त्याने धरायची. एक लिंबू त्याने पिशवीत टाकायचं. भाजीवाल्या मावशी बहुतेक वेळा त्याच्या हातात एखादं गाजर देतात, ते घरी येईपर्यंत तो सोडत नाही. (कच्चं गाजर दातांनी चावू देऊ नका, तुकडा तुटतो.) लोळण घेतलीच तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवा, त्याला काखेत उचला, दुकानाच्या पायरीवर नाहीतर झाडाखाली न्या आणि गप्प बसा. समजूत घालू नका, आमिष दाखवू नका. रडं ओसरायला लागलं की पाणी पाजा. मग उरलेली भाजी न घेता घरी जायचं की परत फिरायचं, हे त्याच्याकडे बघून ठरवा. मी बहुतेक वेळा घरी जायला सांगते.

रस्त्यावर मात्र त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. बोट धरायला देऊ नका, बोट सुटतं. तुम्ही त्याचं मनगट धरा. मनगट सोडवायला लागला तर एकदाच सांगा, ‘हात, नाहीतर कडेवर’, आणि तरी ओढलं तर लगेच कडेवर. कितीही रडला तरी फुटपाथ येईपर्यंत खाली नाही. हे रोज सारखं झालं की पंधरा-वीस दिवसांत बहुतेक मुलं हात देतात. जुन्या बिल्डिंगच्या जाळीच्या लिफ्टमध्ये नेहमी त्याला उचलूनच घ्या, बोटं जाळीत जातात. लोकलने जायचं असेल तर गर्दीची वेळ सोडून, आणि दारापासून आत.

तुम्ही लिहिलंय की मिस्टर त्याला स्कूटरवर पुढे उभा करून चक्कर मारतात आणि त्याला ते फार आवडतं. आवडणारच, वारा लागतो. पण अचानक ब्रेक लागला तर त्याचं तोंड हँडलवर आपटतं. आणि कायदाही आता स्पष्ट आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने नियम केला आणि तो एक वर्षाने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. एवढी तयारी होत नसेल तर रिक्षा करा.

मोबाइलबद्दल थोडक्यात सांगते. त्याच 2019 च्या सूचनांमध्ये एक वर्षाच्या मुलासाठी स्क्रीन नकोच म्हटलंय आणि दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका चांगला. पण मला आकड्यांपेक्षा जेवणाची जास्त काळजी वाटते. मोबाइल बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरलं हे कळत नाही, घास कसला हेही कळत नाही. पाळणाघरात नव्याने येणारी अशी मुलं पहिले तीन-चार दिवस ताटाकडे बघतच नाहीत, तोंड उघडून वाट बघतात. नंतर जेवतात. तुमच्याकडेही दोन-चार जेवणं कमी जातील, घाबरू नका. वर्तमानपत्र पसरा, त्याला तुमच्याच बरोबर जमिनीवर बसवा, छोट्या ताटलीत वरणभात, पोळीचे तुकडे, आणि त्याच्या हाताने खाऊ द्या. निम्मं सांडेल. तुम्ही तापाने पडलात आणि घरी कोणी नाही, अशा दिवशी अर्धा तास गाणी लावून दिली तर त्याचा अपराध मानू नका. रोजच्या ताटासमोर तेवढा मोबाइल नको.

आता सासूबाई, कारण दिवसातले चार-पाच तास त्याच त्याला बघतात आणि त्यांना वगळून यातलं काहीच टिकणार नाही. ‘धाक हवा’ असं त्या म्हणतात तेव्हा मला त्यांचा थकवा ऐकू येतो. त्यांची मुलं वाढली तेव्हा दार उघडं होतं, खाली अंगण होतं, शेजारची दोन मोठी मुलं उचलून न्यायला होती. बंद दाराआड एकट्या माणसाने असं मूल सांभाळण्याची वेळ त्यांच्यावर तेव्हा आलीच नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरकडच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावर मुलांच्या अंगणात नेली. शंख-शिंपले, बिया, पानं, जे आजूबाजूला मिळेल तेच साहित्य. आज सगळ्यांच्या तोंडी असलेला अंगणवाडी हा शब्द तिथून आलाय. आमच्या बालवाडीच्या कोर्सला हे ऐकलं तेव्हा मी पाळणाघरातली विकतची खेळणी निम्मी काढली आणि मागच्या जागेत माती आणून टाकली. फ्लॅटमध्ये अंगण आणता येत नाही, पण अंगणातली कामं आणता येतात, आणि ती सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त येतात.

म्हणून त्यांना ‘असं करू नका, तसं करू नका’ची यादी देऊ नका. ते त्यांच्या मनाला लागेल. एवढंच सांगा, ‘आई, तुम्ही भाजी निवडायला बसाल तेव्हा याला समोर घ्या.’ मेथीच्या काड्या त्याने वेगळ्या करायच्या, पालकाची पानं पाण्यात बुडवायची, कणकेचा लहान गोळा थापायचा, वाळलेल्या कपड्यांतले आपले मोजे शोधायचे. एका कामाला दहा मिनिटं मिळाली तरी खूप. त्यांना उठबस करावी लागत नाही आणि त्याचे हात रिकामे राहत नाहीत. तुमचा कामाचा कॉल असेल नेमकं त्या वेळेला हे ठेवा. मटार आणाल तेव्हा मात्र त्यांच्या कानावर घाला की शेंगा त्याच्या पुढ्यात, सोललेले दाणे लगेच वरच्या भांड्यात. दाणा नाकात जातो, सालं कितीही फाडली तरी चालतात.